पहिल्या मजल्यापाशी थांबलेला झेंडा

ऑगस्ट लागला की बिबवेवाडीच्या सिग्नलला झेंडे येतात. काल-परवापर्यंत जी माणसं गाडी पुसायची फडकी आणि मोबाईलचे स्टँड विकत होती, त्यांच्याच हातात एकाएकी तिरंगे दिसू लागतात. दिवा हिरवा व्हायच्या आत रिक्षावाला एक झेंडा घेतो, आरशाशेजारी खोचतो आणि मग त्या झेंड्याच्या साक्षीनं पुढचा सिग्नल खुशाल तोडतो. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानाबाहेर पाटी लागते, ‘पंधरा तारखेला जिलबी मिळेल. आधी चौकशी करू नये.’ पाऊस धड पडत नाही आणि धड थांबत नाही. दोरीवरचे कपडे दोन दिवस झाले तरी हाताला दमट लागतात, आणि जिन्यातल्या चपलांना बुरशी धरते. मला हा महिना फार आवडतो. का, ते नीट सांगता येणार नाही, पण प्रयत्न करते.

एक तर वास. माझ्या ऑगस्टला डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. आमच्या शेजारच्या घरात, म्हणजे आठल्ये काकांकडे, सोसायटीचा झेंडा असतो. खादीचा, दुमडून पांढऱ्या पंच्यात बांधलेला, कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. पंधरा ऑगस्टच्या आधी काका तो बाहेर काढतात, गॅलरीतल्या उन्हात (म्हणजे पुण्यातलं ऑगस्टचं ऊन, त्याला ऊन म्हणण्याचा प्रघात आहे म्हणून) थोडा वेळ धरतात, शिवण तपासतात. तेवढ्यात तो वास भिंत ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात येतो. कुकरच्या वाफेतही मला तो ओळखू येतो आणि उगाच शाळेत असल्यासारखं वाटायला लागतं.

शाळेतलं झेंडावंदन म्हणजे ओलं मैदान. कॅनव्हासचे बूट आदल्या दिवशी खडूनं पांढरे करायचे आणि फाटकातून आत शिरताक्षणी पुन्हा तपकिरी करून घ्यायचे. एका वर्षी झेंड्यात बांधलेल्या गुलाबाच्या पाकळ्या रात्रीच्या पावसानं इतक्या भिजल्या होत्या, की दोरी ओढल्यावर त्या उधळल्याच नाहीत. त्यांचा एक लगदा झाला होता, तो सबंध प्रमुख पाहुण्यांच्या टोपीवर पडला. पाहुणे हलले नाहीत. आमचं राष्ट्रगीत चालू झालं होतं, आणि हसू दाबून ‘पंजाब सिंध’ म्हणणं किती अवघड असतं ते त्या दिवशी आख्ख्या सातवी ‘ब’ला कळलं. नंतर लिमलेटची गोळी मिळाली. पाहुण्यांनी टोपी झटकली ती अगदी शेवटी, भाषणही संपल्यावर. त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे.

आठल्ये काका हे त्याच जातकुळीचे. ते सरकारी कचेरीत होते आणि कचेरीवरच्या झेंड्याचा ताबा निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडे होता. आमच्या सोसायटीत राहायला आल्यावर त्यांनी इथला झेंडाही आपसूक ताब्यात घेतला. कोणी नेमणूक केली नाही, आणि काढायची तर कोणाची छाती नव्हती. केशरी वर, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण चढवताना झेंडा चटकन चढला पाहिजे आणि उतरवताना सावकाश उतरला पाहिजे, हे मला काकांनी सांगितलं. फाटलेला, विटलेला झेंडा टोपलीत टाकायचा नाही. चारचौघांत गाजावाजा न करता, मानानं जाळून टाकायचा, हेही त्यांनीच. सोळा ऑगस्टला सकाळी ते पिशवी घेऊन रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करत हिंडायचे. एकदा एका मोटारसायकलवाल्यानं विचारलं, “आजोबा, भंगार घेता का?” काका म्हणाले, “घेतो. बसा पिशवीत.”

चटकन चढवायचा आणि सावकाश उतरवायचा, या नियमावर मी पुष्कळदा विचार केला आहे. आपण एरवी नेमकं उलटं करतो. आनंदाची बातमी सांगताना आडपडदा, ‘दृष्ट लागेल’, ‘बघू, अजून नक्की नाही’. आणि कोणाची नाचक्की झाली की ती मात्र जिन्यातून खाली उतरायला क्षणाचाही अवकाश लागत नाही. आमच्या जिन्यात तरी नाही लागत.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे सकाळीच तो वास आला. आणि त्याबरोबर दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट आला, जो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या वर्षी पाडव्याला काका गॅलरीत गुढी बांधायला स्टुलावर चढले आणि घसरले. गुढी सरळ राहिली, काकांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. ‘रिडेव्हलपमेंटमध्ये होईलच’ या आशेवर आम्ही इतकी वर्षं जिने चढतो आहोत. काका पहिल्या मजल्यावर, पण त्यांना तो एक मजलाही डॉक्टरांनी बंद केला होता. चैत्रापासून श्रावणापर्यंत त्यांचं जग म्हणजे पलंग, गॅलरीतली खुर्ची आणि काकू. काकू म्हणायच्या, “मला पाहून पाहून ते कंटाळलेत, आणि मी त्यांना ऐकून ऐकून.”

ऑगस्टच्या सुरुवातीला केतकी त्यांना भेटायला आली. केतकी म्हणजे आमची तेव्हा नुकतीच झालेली सेक्रेटरी. खराडीच्या कुठल्याशा कंपनीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरून काम आणि उरलेल्या वेळात आम्हा म्हाताऱ्यांना मेंटेनन्सचं ॲप शिकवणं. मुलगी गुणी. काकांचा सल्ला घ्यायलाच आली होती. पण येण्याआधी तिनं नियम वाचले होते, आणि तिथेच घोळ झाला.

“काका, झेंडा सूर्यास्ताला उतरवायलाच पाहिजे असं आता नाहीये,” ती म्हणाली. “म्हणजे आपल्यासारख्यांनी उघड्यावर लावला तर रात्रीही ठेवता येतो. रूल चेंज झालाय. आणि पॉलिस्टरचाही चालतो, मशीनवर केलेला. पावसात खादी लवकर खराब होते ना, म्हणून म्हटलं.”

काकांनी चष्मा काढला. “असं का? मग आपल्याला सगळं माहीतच आहे. मला विचारायला आलात कशाला?”

एरवी ते तिला ‘अगं केतकी’ म्हणायचे. पुण्यात माणूस एकदम ‘आपण’ म्हणू लागला, की समोरच्यानं चप्पल शोधावी. केतकीला ते कळलं. ती गोरीमोरी होऊन उठली.

नियम खरोखरच बदलला होता. काकांनी नंतर मुलाकडून फोनवर त्याची खात्री करून घेतली, आणि त्यामुळे जास्तच दुखावले. माझ्याकडे येऊन काकू हळूच म्हणाल्या, “जेवत नाहीयेत नीट. म्हणतात, आता माझा काय उपयोग आहे? दोरी ओढायला माणसं आहेत, नियम सांगायला फोन आहे.” मला फार वाईट वाटलं. माणूस पडतो, हाड जुळतं. पण आपल्यावाचून काही अडत नाही हे एकदा मनात घुसलं की ते निघत नाही. माझ्या वडिलांचं झालेलं मी पाहिलं आहे. काकांचंही तसंच व्हायला लागलं होतं, आणि मला त्यावर काही करता येत नव्हतं. मी फक्त रोज अळूची भाजी, घावन असं काहीबाही नेऊन देत होते.

तर चौदा तारखेला खाली तयारी. झेंड्याची दोरी दरवर्षी काका काढून घरात ठेवायचे. त्या वर्षी ती खांबावरच राहिली होती आणि पावसानं तिचं एक टोक कुजलं होतं. कुजका भाग कापला तर दोरी आखूड. आमचे चेअरमन शेवाळे म्हणाले, नवी कशाला, आपल्याकडे कपडे वाळत घालायची नायलॉनची हाय की चांगली. शेवाळ्यांच्या आजोबांचं शेत होतं या जागेवर. इमारतीत त्यांचे तीन फ्लॅट आहेत, पण दोरी विकत आणायची म्हटलं की त्यांच्यातला शेतकरी जागा होतो. त्यांनी दोन्ही दोऱ्या जोडून अशी काही गाठ मारली, की आम्ही पाहत राहिलो. “बैलाला बांधायची गाठ हाय ही,” ते म्हणाले. “झेंडा जाईल, पण गाठ सुटायची नाय.”

काका गॅलरीतून पाहत होते. न बोलणं हे त्यांचं बोलण्याहून मोठं हत्यार आहे.

पंधराला सकाळी भुरभुर होती. खाली छत्र्या, पांढरे कपडे, स्पीकरवर देशभक्तीची गाणी आणि मधूनच त्या स्पीकरची शीळ. काका इस्त्रीचा सदरा घालून गॅलरीत बसलेले, मी माझ्या गॅलरीत. केतकीनं दोरी ओढली. झेंडा चटकन वर निघाला, अगदी नियमाप्रमाणे, आणि आमच्या पहिल्या मजल्यापाशी येऊन थांबला. गाठ वरच्या कप्पीत अडकली होती. ती काही बारीक गाठ नव्हती, बैलाची होती. केतकीनं हिसका दिला, शेवाळ्यांनी दिला. गाठ सुटली नाही, हे कबूल केलं पाहिजे. तेवढ्यात कोणीतरी उत्साहानं राष्ट्रगीत सुरू केलं, आणि मग सगळेच जागच्या जागी ताठ उभे. झेंडा काकांच्या थेट समोर, हात लांब केला तर लागेल की काय असं वाटण्याइतका, अर्ध्यावर.

राष्ट्रगीत संपल्यावर वाद सुरू झाला. झेंडा वर जात नाही. खाली घ्यावा, तर एकदा चढवलेला झेंडा सूर्यास्ताआधी उतरवणं बरं नव्हे, असं एकाचं मत. तसाच ठेवावा, तर अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे दुखवटा, तोही स्वातंत्र्यदिनी. कोणी म्हणालं, अग्निशमन दलाला बोलवा. कोणी म्हणालं, शेवाळ्यांच्या बैलाला बोलवा. पाऊण सोसायटी बोलत होती आणि झेंडा बिचारा ओला होत होता.

आणि याच गडबडीत कोणीतरी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ लिहिली नाही. जे खाली आले नव्हते त्यांनी मागच्या इमारतीत बसून तो फोटो पाहिला आणि आपापल्या बुद्धीनं वाचला. झेंडा अर्ध्यावर आहे. आठल्ये काका चैत्रापासून अंथरुणाला खिळून आहेत. झेंडा म्हणजे आठल्ये काका. पहिलं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आलं, मग हात जोडल्याची चित्रं आली, आणि मग ती थांबेनात. एकानं तर काकांवर चार ओळींची कविता केली. ती ऐनवेळी इतक्या लवकर कशी तयार झाली, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

फोन पाहून मी तशीच शेजारी धावले. काकू दारातच होत्या, हातात त्यांचा फोन. “हे वाच,” म्हणाल्या. “‘काकू, धीर धरा.’ गेली बावन्न वर्षं धरतेच आहे, आजच का सांगतायत?”

इतक्यात जिन्यात धावती पावलं वाजली. मागच्या इमारतीतल्या वानखडे वहिनी. मूळच्या अकोल्याच्या, मनानं उदार आणि हातानं चपळ. ज्या घरी माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी न्यायचं, हे त्यांच्या रक्तातच. एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात झाकलेलं पातेलं. पदर डोळ्याला लावायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशाच रडत होत्या.

“काकू... मले तं आत्ताच समजलं...” आणि त्यांची नजर गॅलरीत गेली. काका खुर्चीत बसून त्यांच्याकडे पाहत होते. “अवो काका! तुम्ही तं इथंच बसून हाव!”

“हो,” काका म्हणाले. “अजून तरी. काय आणलंत?”

“पिठलं-भात,” वहिनी म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

मी काकांना फोन दाखवला. त्यांनी सगळा ग्रुप वाचला, कवितेसकट. कवितेत एक मात्रा कमी आहे म्हणाले. मग फोन परत देत म्हणाले, “यांना कोणीतरी सांगा. मी गेलो असतो तरी झेंडा अर्ध्यावर येत नाही. त्याला सरकारचा आदेश लागतो. आणि आज पंधरा ऑगस्ट. आज देशात दुखवटा असला तरी झेंडा पूर्ण वर राहतो. फक्त ज्या इमारतीत त्या मोठ्या व्यक्तीचं पार्थिव असेल, तिथला तेवढा अर्ध्यावर.”

“म्हणजे आपल्या इमारतीवर चालला असता,” काकू म्हणाल्या.

“मी तेवढा मोठा नाही.”

“ते मी बावन्न वर्षं सांगते आहे.”

इथे मला जरा थांबून एक सांगायचं आहे. झेंडा अर्ध्यावर कसा आणतात, हे काकांनी मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. कचेरीत असताना एका मोठ्या नेत्याच्या निधनाची बातमी आली, वरून आदेश आला, आणि झेंड्यापाशी काका एकटेच होते. सरळ अर्ध्यापर्यंत चढवून थांबायचं नसतं. आधी पूर्ण वर न्यायचा, क्षणभर तिथं ठेवायचा, आणि मग सावकाश अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही आधी पुन्हा पूर्ण वर, मग खाली. “त्या क्षणभरात मला रडू आलं,” काका म्हणाले होते. “त्यांच्याशी माझं काही नातं नव्हतं. पण पूर्ण वर गेलेला झेंडा आपल्या हातानं खाली आणायचा म्हणजे काय, ते हाताला कळतं.” आमच्या ओळखीतलं कोणी गेलं की मी हल्ली तसंच करते. आधी त्या माणसाला मनात पूर्ण वर नेते, त्याच्या ऐन भरातल्या दिवसांत, हसताना, भांडताना. मग सावकाश दुःख करते. त्यानं दुःख कमी होत नाही, पण माणूस आजारी चेहऱ्यानं लक्षात राहत नाही.

तर खालून केतकीनं हाक मारली. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

“काका! उतरवू का? चालेल का?”

सगळ्यांच्या माना वर. मला वाटलं, काका आता म्हणतील, आपल्याला माहीतच आहे सगळं. मी काकूंचा हात धरला होता.

“उतरव,” काका म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण कचेरीतला होता. “अगं, तो अजून चढलेलाच नाहीये. पूर्ण वर गेल्याशिवाय झेंडा अर्ध्यावर येत नाही. हा वाटेत आहे. वाटेतल्याला खाली घेऊन पुन्हा चढवला तर त्यात काही कमीपणा नाही. सावकाश घे, जमिनीला लागू देऊ नकोस. शेवाळे, दोन्ही हात खाली धरा!”

शेवाळ्यांनी पाळण्यातलं मूल घ्यावं तसा झेंडा हातांवर घेतला. आणि मग प्रश्न आला दोरीचा. केतकी जिना चढून वर आली, ओले केस कपाळाला चिकटलेले.

“काका, तुमच्याकडे दोरी असेल का?”

“आहे. कपाटात, खालच्या कप्प्यात. नवी, सुती. जूनमध्येच मागवून ठेवली आहे.”

“मग काल का नाही सांगितलंत?”

“कोणी विचारलं नाही.”

हे ऐकून मला रागही आला आणि हसूही. केतकीचे मात्र डोळे भरले. “चुकलंच माझं,” ती म्हणाली. “मी नियम सांगत बसले. खरं तर मला तुम्ही खाली यायला हवे होतात. मला भीती वाटत होती एकटीनं करायची.”

काका वॉकरच्या दांडीवरून उगाच हात फिरवत राहिले. “नियम तूच बरोबर सांगितलास,” ते शेवटी म्हणाले. “दोरी मी देतो. आणि जुनीला नवी जोडताना गाठ मारू नका. टोकाला टोक लावून वर नुसता दोरा घट्ट गुंडाळा, म्हणजे जुनीच्या मागोमाग नवी कप्पीतून सरकेल. शेवाळ्यांना गाठीपासून लांब ठेव.”

नवी दोरी सरकली. झेंडा दुसऱ्यांदा निघाला, पहिल्या मजल्यापाशी आला, काकांच्या समोरून गेला आणि वर, अगदी वर जाऊन फडकला. पाऊस तेवढ्यापुरता थांबला होता असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. चांगला जोरात आला. काका खुर्चीतून उठले. वॉकर बाजूला सारला, एका हातानं कठडा धरला, मग तोही सोडला. काकू पुढे झाल्या आणि थांबल्या, कारण खाली राष्ट्रगीत सुरू झालं होतं. आम्ही बायका तिथेच ताठ उभ्या राहिलो. वानखडे वहिनी पातेलं आत ठेवायला उचलत होत्या, तेवढ्यात गीत सुरू झालं, म्हणून त्या पातेलं धरूनच सावधान. काका शेवटच्या ‘जय हे’पर्यंत कशालाही न धरता उभे होते. मी इतकी खूश होते की माझा आवाज फाटला.

आता ते काठी घेऊन खाली येतात. पंधरा ऑगस्टला खांबापाशी त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली असते, झेंडा केतकी बांधते, आणि संध्याकाळी उतरवायचा की ठेवायचा यावर दोघांचं दरवर्षी कडाक्याचं भांडण होतं. आत्ताही, मी हे लिहीत असताना, भिंतीपलीकडून ते ऐकू येतं आहे. “काका, रूल आहे.” “असेल. मला अंधारात तो दिसत नाही, म्हणून उतरवायचा.” यंदा बहुतेक उतरवतील. गेल्या वर्षी तिनं खाली दिवा लावून ठेवला होता.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलं. राष्ट्रगीत संपलं, काकांना धरून खुर्चीत बसवलं. ग्रुपवर केतकीनं लिहिलं, ‘काका उत्तम आहेत. झेंडा वर आहे.’ मग श्रद्धांजल्या पुसायची एकच घाई उडाली. वानखडे वहिनी ओशाळून पातेलं परत न्यायला निघाल्या, तर काकांनी हात आडवा केला.

“ठेवा ते. माझ्या नावानं आलंय.”

काकूंनी ताटं घेतली. आम्ही गॅलरीतच बसलो, समोर झेंड्याची ओली दोरी खांबावर टपटप वाजत होती. काका दोन आठवड्यांनी पोटभर जेवत होते, भाताचा डोंगर करून, मधोमध पिठलं ओतून. वहिनींच्या हाताला वऱ्हाडी तिखट. दुसऱ्याच घासाला माझं नाक वाहायला लागलं, आणि काकू पाणी पीत होत्या.

“काका, तिखट झालं काय?” वहिनींनी भीतभीत विचारलं.

“फक्कड झालंय,” काका म्हणाले. “फक्त खऱ्या वेळेला जरा बेतानं करा. हिला तिखट सोसत नाही.”

“जेवा गप,” काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात आणखी एक डाव वाढला.